सतरा क्रमांकाचा ब्रश

सहा आठवडे रोज दोनदा वापरलेल्या साध्या ब्रशचे केस कडेला साधारण दीड मिलिमीटर बाहेर झुकतात. कुणाचे एक, कुणाचे दोन, आणि जो माणूस दातांवर राग काढतो त्याचे तीन. सतरा क्रमांकाच्या ब्रशचे केस दोन दशांश मिलिमीटर झुकले होते. तिनं कॅलिपर पुसला, मिटल्यावर शून्य दाखवतोय ना ते पाहिलं आणि पुन्हा मोजलं. दोन दशांशच. पाकिटातून काढलेल्या कोऱ्या ब्रशमध्येही एवढा फरक सापडतो.

"लबाड कुठला," ती ब्रशला म्हणाली.

दवाखान्यामागच्या त्या खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं आ वासून बसले होते, तेवढेच. दवाखाना खाली, घर वर, मधे सोळा पायऱ्यांचा जिना. लहानपणी ती याच खोलीत अभ्यास करायची आणि कंटाळा आला की जबड्यांचे दात मोजायची. आता ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होती आणि सुटीच्या दिवशी याच टेबलावर लोकांचे वापरलेले ब्रश मोजत होती. फारशी प्रगती नाही, असं आत्याचं मत होतं.

"साधा ब्रश बरा की विजेवरचा?" असं बाबांना खुर्चीत बसणारा दर तिसरा माणूस विचारायचा आणि बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "दात ब्रश घासत नाही, हात घासतो. हात शहाणा असेल तर साधा ब्रश पुष्कळ झाला. विजेचा ब्रश म्हणजे आळशी माणसाचं खेळणं." छत्तीस वर्षांत या वाक्यातला शब्द हलला नव्हता. मागच्या वर्षी एकदा जेवताना तिनं विचारलं, "हे तुम्ही मोजलंय का?"

"त्यात मोजायचं काय?"

"सगळंच."

आत्या हसली होती. लहानपणी दुधाच्या पेल्यावर पेनानं रेघा मारून रोज किती प्यायलं ते लिहून ठेवणारी ही पोर. आत्यानं तेव्हाच तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं.

तर तिनं मोजायला घेतलं. चोवीस माणसं. प्रत्येकानं सहा आठवडे एक ब्रश वापरायचा, सहा आठवडे दुसरा. निम्म्यांनी आधी साधा, निम्म्यांनी आधी विजेचा. सहा आठवडे संपले की रंगाची गोळी चघळायची, म्हणजे दातांवर राहिलेला मळ गुलाबी दिसतो, आणि मग फोटो. फोटो आत्या काढायची. फोटोत फक्त दात. ओठ, नाक, डोळे काही नाही. कोण कोणता क्रमांक, कुणी कधी कोणता ब्रश वापरला, हे एकट्या आत्याला ठाऊक. तिनं ते एका कागदावर लिहून लिफाफ्यात घातलं होतं आणि लिफाफा स्टीलच्या कपाटात कुलपात होता. दातांना गुण देणारीला माणूस माहीत असता कामा नये, नाहीतर ओळखीच्या माणसाला हात सैल सुटतो. शून्य गुण म्हणजे लख्ख दात, पाच म्हणजे पूर्ण गुलाबी. त्या शनिवारी सकाळी शेवटचे गुण देऊन तिनं वही मिटली होती. आता लिफाफा उघडायला हरकत नव्हती.

फरक निघाला होता, पण बाबांना चिडवण्याइतकासुद्धा नव्हता. एका खेपेला साधारण दोन गुण, दुसऱ्या खेपेला पावणेदोन. तेवीस जणांचं असंच काहीतरी. आणि सतरा नंबर. पहिल्या खेपेला एक पूर्णांक दोन, चोवीस जणांत सगळ्यांत स्वच्छ. दुसऱ्या खेपेला चार पूर्णांक एक, सगळ्यांत घाण. तोच माणूस, तेच दात. दुसऱ्या खेपेचा ब्रश साधा होता हे तो परत आल्यावर दिसलंच. आणि तो साधा ब्रश हा असा, कोरा करकरीत.

एकच गोष्ट जुळत नव्हती. प्रत्येकाला पेस्टची ट्यूब वजन करून दिली होती आणि वजन करून परत घेतली होती. सतरा नंबरची ट्यूब इतरांइतकीच रिकामी झाली होती. म्हणजे पेस्ट रोज बेसिनमध्ये पिळायची आणि ब्रश नुसता ओला करून ठेवायचा. तिच्या वर्गातले विद्यार्थी प्रयोगाच्या वहीत यापेक्षा सफाईनं लबाडी करत. तिनं पानावर पेन्सिलीनं लिहिलं, 'ब्रश वापरलेला नाही. विश्वास ठेवण्याजोगा माणूस नाही. वगळावा?' आणि ती जेवायला वर गेली.

बाबा जेवायला बसले होते. ते बसायचे सगळ्यांच्या आधी आणि उठायचे सगळ्यांच्या नंतर.

"आमचे डॉक्टर रोग्यांना सांगतात, घास बत्तीस वेळा चावा," आत्या वाढता वाढता म्हणाली. "स्वतः चौसष्ट वेळा चावतात. उगाच कुणी म्हणायला नको की शिकवण एक आणि वागणं एक."

"ताई, भात गार होतोय," बाबा म्हणाले.

"माझा नाही होत, तुझा होतोय."

ती हसली आणि बसली. "तो सतरा नंबर कोण आहे कुणास ठाऊक," ती म्हणाली, "पण पक्का लबाड आहे."

आत्याची पळी भांड्यातच राहिली. "काय केलं त्यानं?"

"काहीच केलं नाही, हीच तर तक्रार आहे. विजेचा ब्रश हौसेनं वापरला, साधा ब्रश दिला तर त्याला हात लावला नाही. पेस्ट तेवढी संपवून दाखवली. आपल्याला कोण पकडतंय, असं वाटलं असेल."

बाबा चमच्यानं भात गोळा करत होते. "मग काढून टाक त्याला," ते म्हणाले. "तेवीस जणांत भागव."

"नुसता आकडा आवडला नाही म्हणून काढता येत नाही, बाबा. लबाडी सिद्ध झाली तर काढता येतो."

"सिद्ध व्हायचं काय राहिलंय? केस वाकलेले नाहीत, तूच मोजलंस. काढ आणि मोकळी हो."

त्यांनी मान वर केली नव्हती. आकड्यांच्या बाबतीत बाबा कधी सल्ला देत नसत, म्हणून या सल्ल्याचं तिला जरा नवल वाटलं, पण तेवढंच.

"काढायचा की ठेवायचा ते मग ठरव," आत्या म्हणाली. "आधी लिफाफा उघड. आज उघडणार होतीस ना?"

"ताई." बाबांचा आवाज चढला नाही, पण चमचा थांबला. "तिचं काम तिला करू दे."

"मी कुठं तिचं काम करतेय? मी किल्ली देतेय." आत्यानं कमरेची किल्ली सोडली आणि तिच्या ताटाशेजारी ठेवली. "जेव आणि जा. चार वाजता शिंपी येतोय अक्कलदाढ काढायला, मग मला वेळ नाही."

 ती उठली तेव्हा बाबांच्या ताटात अजून अर्धा भात होता.

लिफाफ्याआधी तिनं सतरा नंबरचा तक्ता काढला. तिला पुरावा हवा होता. प्रत्येकानं दर वेळी ब्रश केल्यावर तक्त्यातल्या चौकोनांत बरोबरच्या खुणा करायच्या होत्या. एका वेळेला एक ओळ, दातांच्या चौदा जागांचे चौदा चौकोन. खोट्या खुणा ओळखू येतात. एका बैठकीत केलेल्या असतात, सगळ्या एका ठशाच्या, एका शाईच्या. या तशा नव्हत्या. शाई बदललेली होती, एके ठिकाणी पाण्याचा थेंब पडला होता. ओळीतली पहिली खूण चौकोन भरून होती. दुसरी तिच्यापेक्षा लहान. पाचवी निम्मी. चौदावी मुंगीएवढी, चौकोनाच्या तळाशी. खालच्या ओळीत पुन्हा मोठी सुरुवात आणि पुन्हा तीच उतरण. तिनं पट्टी लावली. पहिली खूण नऊ मिलिमीटर, शेवटची दीड. ओळीमागून ओळ, तेच. कुणी ठरवून केलं असतं तर इतकं नेमकं जमलं नसतं.

हा माणूस लबाड नव्हता. या माणसानं रोज दोनदा पेस्ट लावली होती, ब्रश तोंडात घातला होता आणि घासलं होतं. फक्त त्याचा हात खुणा करताना आखडत होता तसाच घासतानाही आखडला होता, आणि ब्रश हलला नव्हता.

तिनं लिफाफा फाडला. आत्याचं अक्षर मोकळं आणि गोल. क्रमांक, नाव, पहिला ब्रश, दुसरा ब्रश. सोळा, बेकरीवाली. अठरा, टपालवाल्याची सून. त्यांच्या मधे, सतरा: डॉक्टर स्वतः.

तिला वाटलं ओळ चुकली. तिनं सतराच्या खाली पट्टी धरली आणि बोट ठेवून पुन्हा वाचलं. सतरा. डॉक्टर स्वतः. आधी विजेचा, मग साधा.

तिची दातखीळ बसली.  डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, तीही बिनकामाची: मी त्यांना समोर बसवून लबाड म्हणाले. दोनदा म्हणाले. आणि ते म्हणाले, काढून टाक त्याला.

मग बाकीचं एकामागून एक येऊ लागलं, कुणी फळीवरून एकेक जबडा खाली काढून ठेवावा तसं. मागच्या वर्षापासून औषधांच्या चिठ्ठ्या आत्या लिहायची, बाबा फक्त सही करायचे. तिनं स्वतःच त्यावर विनोद केला होता, की बाबांच्या अक्षरापुढे औषधवाल्यानं अखेर हात टेकले वाटतं. बाबांनी बटणांचे शर्ट सोडून डोक्यातून घालायचे घेतले होते. ती म्हणाली होती, म्हातारपणी फॅशन सुचली. दाढीचा वस्तरा जाऊन विजेचं यंत्र आलं होतं. आणि ताटातला तो भात. हे सगळं तिनं पाहिलं होतं. ब्रशचा केस न केस मोजणाऱ्या बाईनं हे पाहिलं होतं आणि एकदाही शेजारी शेजारी ठेवलं नव्हतं.

तिनं सतरा नंबरचे फोटो पुन्हा उघडले. बाबांचे दात. गावभरच्या तोंडांत डोकावलेल्या माणसाच्या तोंडात आजवर ती कधी डोकावली नव्हती. दुसऱ्या खेपेचा फोटो तिनं मिटून टाकला, तो बघवेना. पहिल्या खेपेचा मात्र ती बघत राहिली, कारण तो चांगला होता आणि तिला काहीतरी चांगलं हवं होतं. लख्ख दात. गुलाबी जवळजवळ नाहीच. विजेच्या ब्रशनं जे काम हात करू शकत नव्हता ते केलं होतं.

मग तिला लाल डाग दिसले. दातांवर नव्हे, हिरडीवर. तीन जागी, वाटाण्याएवढे, घासून सोललेल्या कातडीसारखे. सकाळी ते तिच्या नजरेखालून गेले होते, पण तिच्या तक्त्यात हिरडीचा रकाना नव्हता. मळ किती राहिला एवढंच ती मोजत होती. सगळ्यांत मोठा डाग खाली डावीकडे, अगदी मागे, दाढांच्या आतल्या बाजूला होता. त्या कोपऱ्याचा फोटो आरशातून घ्यावा लागतो. तिनं तेवढाच भाग मोठा केला, छापला आणि ती दवाखान्यात आली.

आत्या हत्यारं उकळून काढून फडक्यावर मांडत होती. तिनं वळून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

"उघडलास," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दीड वर्ष. मोठ्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. पार्किन्सन म्हणाले. थरथरणारा प्रकार नाही, हात जड होत जातो तो. त्या गोळ्या घेतो ना चार वेळा, तुला जीवनसत्त्वाच्या म्हणून सांगतो, त्या त्याच्याच."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"आईची शपथ घातली त्यानं मला. म्हणाला, मोजपट्टीला कळता कामा नये, मी आज ना उद्या थांबतोच आहे. दीड वर्ष मी त्याचा उद्या उजाडायची वाट बघतेय." आत्यानं चिमटा पुसला आणि उजेडात धरून पाहिला. "त्या टेबलाच्या काचेखाली पत्र आहे बघ, पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं. दवाखाना चालवायला घेते म्हणतात. तीनदा विचारून गेल्या. दाताच्या कण्या केल्या मी त्याच्यापुढे. होय म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन रोग्याला वेळ देतो."

"मग तो क्रमांक सतरा..."

"एक माणूस गळाला होता तुझा. मी त्याला म्हटलं, पोरीचा प्रयोग अडलाय, बस तू. पोरीसाठी तो काहीही करतो, एवढं एक सोडून. त्याला वाटलं, नंबरात कोण ओळखतंय." आत्या पहिल्यांदा तिच्याकडे नीट वळली. "मी शपथ मोडलेली नाही. एक शब्द बोलले नाही. ब्रश दिला फक्त. आणि खरं सांगू, तोंडानं सांगितलं असतं तर तू मलाच वेड्यात काढलं असतंस. तुला आकडे लागतात."

 या बाईला ती गेले कित्येक महिने फोटो काढायला, लेबलं चिकटवायला, किल्ल्या सांभाळायला लावत होती.

"दाढ कशी काढतात ते अजून?" तिनं शेवटी विचारलं.

आत्यानं तिचा हात घेतला, पालथा केला आणि मनगटाखाली आपला तळवा लावला. अलगद, पण घट्ट. "अशी. रोग्याला वाटतं मी जबडा धरलाय. जोर त्याचा, हलवणं माझं. वर्ष झालं."

 तिनं हात काढून घेतला नाही. काढून घ्यावा की धरून ठेवावा तेच कळेना.

"मागच्या महिन्यात एका बाईंची हिरडी फाटली," आत्या हलक्या आवाजात म्हणाली. "दोन टाके पडले. म्हणाला, फाटते कधीकधी. फाटते, खरंय. पण त्याच्या हातून कधी फाटली नव्हती. आणि आज खालची दाढ आहे. तिच्या मुळाशी नस असते, तुला ठाऊक आहे. ती दुखावली तर माणसाचा अर्धा ओठ जन्मभर बधिर."

"मग तू नाही म्हण."

"मी नाही म्हटलं तर तो एकटा काढेल."

जिन्यावर पाऊल वाजलं. तिनं नकळत घड्याळाकडे पाहिलं. एक पायरी. दुसरी. सोळा पायऱ्या उतरायला बाबांना एकेचाळीस सेकंद लागले. हाही आकडा इतके दिवस इथंच होता.

बाबा आत आले, पांढरा कोट घातलेला, बटणं आत्याच्या हाताची वाट बघत उघडी. दोघींकडे पाहून ते म्हणाले, "सभा कसली?"

"एक फोटो अडलाय," ती म्हणाली. आपला आवाज इतका साधा कसा निघाला ते तिला कळलं नाही. "हा बघून सांगा. मळ नाहीये. पण हे लाल काय आहे?"

तो एकच कोपरा होता, आरशातला, स्वतःच्या तोंडात कुणालाच दिसत नाही असा. बाबांनी कागद दिव्याखाली धरला आणि त्यांचा चेहरा रोग्यासमोर व्हायचा तसा झाला, शांत आणि उत्सुक.

"विजेचा ब्रश आहे हा," ते म्हणाले. "साध्यानं असं गोल सोलत नाही. या माणसानं ब्रश एकाच जागी ठेवलाय. हे बघ, इथं थांबला, मग इथं, मग इथं. ब्रश आपला फिरतोय आणि हात पुढं जात नाही. दहा-दहा सेकंद असेल. रोज." त्यांनी कागद थोडा लांब धरला. "त्याला बोलावून घे. म्हणावं, हा ब्रश आहे म्हणून हिरडीवर निभावलं. दुसरं काही असतं तर..."

 बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलला स्टँड लावल्याचा आवाज आला.

"किती नंबर?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

त्यांनी कागद खाली ठेवला नाही. त्याच्याकडे बघतच राहिले. मग उजवा हात समोर ताठ धरला, बोटं पसरून. "थरथरत नाही. बघ. एवढासुद्धा थरथरत नाही."

"थरथरत नाही, बाबा. सरकत नाही."

"दाढ कोरायचं यंत्र स्वतः फिरतं. मला फक्त धरायचं..." हे वाक्य त्यांनी बरेच दिवस जपून ठेवलेलं असणार. ते अर्ध्यावर आलं आणि त्यांची नजर पुन्हा त्या लाल डागावर गेली. आत्यानं मान फिरवली.

"आत यायचं का डॉक्टर?" दार ढकलून शिंपी डोकावला. एका बाजूचा गाल सुजून वर आला होता, तरी बोलायचा थांबत नव्हता. "दहा मिनिटं आधी आलो. धीर संपायच्या आत बसावं म्हटलं. प्रोफेसरबाई, तुम्ही पण आहात होय? तो तुमचा विजेचा ब्रश परत घेतलात, फार वाईट केलंत. बायको म्हणते, ब्रश होता तोवर तुम्ही सकाळी आनंदात असायचात."

"बसा," आत्या म्हणाली. 

शिंपी खुर्चीत बसला आणि स्वतःच मागे रेलला. "आमच्याकडे पण तेच आहे बघा. मशीन आलं, शिवण झटपट झाली. पण काज मी अजून हातानंच करतो. मशीनच्या काजाला गिऱ्हाईक नाक मुरडतं." आणि त्यानं आ केला.

बाबा बेसिनकडे गेले. त्यांनी नळ सोडला आणि हात धुतले, जसे रोज धुवायचे, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या. कडेनं बाबांकडे बघताना तिला प्रथमच दिसलं की हात धुताना त्यांची बोटं मधेच अडतात, पाणी त्यांच्यावरून वाहत राहतं, आणि मग ती पुन्हा हलतात. आत्या नेहमीच्या जागी, खुर्चीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिचा उजवा हात कमरेशी आला होता, तळवा वर, तयार.

ती दारात उभी होती. बाबा हत्यारांकडे वळले तर काय म्हणायचं ते तिनं जुळवून ठेवलं होतं. ते तिच्या जिभेवर होतं. इतक्या वर्षांत या खोलीत तिनं बाबांना कधी अडवलं नव्हतं. रोग्यासमोर तर नाहीच.

बाबांनी हात पुसले. फडक्यावर हत्यारं ओळीनं होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, छत्तीस वर्षं ज्या क्रमानं असायची त्याच क्रमानं. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आत्याच्या त्या उघड्या तळव्याकडे पाहिलं, आणि तिनं तो मिटला नाही. मग शिंप्याच्या तोंडावरचा दिवा बाजूला सारला.

शिंपी आ मिटायला विसरला होता. "काय झालं?" त्यानं तशाच तोंडानं विचारलं.

बाबा स्टुलावर बसले, खुर्चीच्या शेजारी, शिंप्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता.

"तुमची दाढ पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाई काढतील," ते म्हणाले. "मी आत्ताच त्यांना फोन करतो. माझा हात आता चालत नाही. यापुढे मी कुणाच्याच तोंडात हत्यार घालणार नाही."